सलाइन लावायचं का, हे आधी कुणाला विचारायचं?

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये डोनानेमॅब या अल्झायमरवरच्या औषधाला भारताच्या केंद्रीय औषध नियंत्रकांनी परवानगी दिली, आणि तोवर परदेशी बातम्यांतच राहिलेला एक प्रश्न मुंबईच्या ओपीडीत येऊन पोहोचला. माझगावसारख्या वस्तीत तो येणारच होता. गोदीतून, पोर्ट ट्रस्टमधून, बँकांतून निवृत्त झालेली माणसं, म्हातारपाखाडीतली जुनी घरं, पागडीच्या चाळी आणि त्यांना खेटून उभे राहिलेले टॉवर, मुलं ठाण्याला नाहीतर टोरांटोला, आणि घरात सत्तरीच्या आसपासचं जोडपं. बायकोचं विसरणं वाढलं म्हणून न्यूरॉलॉजिस्टकडे फेऱ्या होतात, रिपोर्ट येतात आणि एक दिवस डॉक्टर नवऱ्याकडे वळून विचारतात, "काका, नवीन औषध आलंय, सलाइनमधून देतात. काय करायचं?" काकू शेजारच्याच खुर्चीवर बसलेल्या असतात. माझं म्हणणं असं की हा प्रश्न आधी काकूंना विचारला पाहिजे. त्यांचा मान राखावा, हे एक कारण झालंच. त्याहून मोठं कारण औषधातच आहे. ते फक्त आजाराच्या पहिल्या टप्प्यात देता येतं, आणि त्याच टप्प्यात माणसाला अजून स्वतःचं मत असतं, ते मांडता येतं आणि त्यामागचं कारणही सांगता येतं.

मराठी माणसाच्या मनात या आजाराचं चित्र बहुधा शेवटच्या टप्प्याचं असतं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु'मध्ये डॉ. मोहन आगाशे यांनी उभे केलेले संस्कृतचे पंडित हत्तीच्या मागे निघून जातात, ते आपल्याला आठवतं. त्यामुळे 'अल्झायमर' हा शब्द रिपोर्टवर दिसला की घरचे लगेच रुग्णाच्या वतीने बोलायला लागतात, जणू ती व्यक्ती आताच निघून गेली आहे. पण सलाइनचं औषध ज्यांना द्यायचं ते रुग्ण वेगळे असतात. तेच तेच पुन्हा विचारणाऱ्या, गॅस बंद केला की नाही हे तीनदा बघणाऱ्या, पण पेपर वाचणाऱ्या, सुनेचा राग धरणाऱ्या, देवळात किंवा रोझरी चर्चमध्ये कुणी नवीन दिसलं तर घरी येऊन सांगणाऱ्या या बायका आणि हे पुरुष. त्यांना वगळून केलेला हिशेब चुकतो. का चुकतो ते कळायला औषध नेमकं काय करतं, ते आधी नीट पाहायला हवं.

अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ साली एका मृत रुग्णेच्या मेंदूत जे साके सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, ते अ‍ॅमिलॉइड नावाच्या प्रथिनाचे होते. आजवर आपल्याकडे मिळणाऱ्या डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमँटिन या गोळ्या त्या साक्यांना हात लावत नाहीत. मेंदूतल्या संदेशांची देवाणघेवाण थोडी सुधारावी, एवढंच त्यांचं काम. नवी औषधं म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेली प्रतिपिंडं. ती अ‍ॅमिलॉइडला चिकटतात आणि शरीराच्या यंत्रणेकडून ते साफ करवून घेतात. लेकानेमॅबला अमेरिकेत जानेवारी २०२३ मध्ये तात्पुरती आणि जुलैमध्ये पूर्ण मान्यता मिळाली, डोनानेमॅबला जुलै २०२४ मध्ये. साके खरोखर कमी होतात, याबद्दल आता वाद नाही. वाद आहे तो माणसात काय फरक पडतो याबद्दल. लेकानेमॅबच्या मुख्य चाचणीत १,७९५ जण होते. १८ महिन्यांनी आजाराच्या १८ गुणांच्या पट्टीवर औषध घेणाऱ्यांची घसरण १.२१ गुणांची झाली, न घेणाऱ्यांची १.६६ गुणांची. फरक ०.४५ गुणाचा. बातम्यांत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो तो '२७ टक्के' हा आकडा यातूनच आला. तो वाचून बऱ्याच जणांना वाटतं की आठवण २७ टक्के परत येते. तसं होत नाही. दोन्ही गट घसरले, एक जरा हळू घसरला. गेलेलं परत आणणारं औषध आज कुठेच नाही.

त्या १८ गुणांच्या पट्टीपाशी थोडं थांबायला हवं, कारण घरच्यांना ती कुणी समजावून सांगत नाही. तिच्यात सहा गोष्टी मोजतात: स्मरण, स्थळकाळाचं भान, निर्णयशक्ती, घराबाहेरचे व्यवहार, घरकाम व छंद, आणि स्वतःची निगा. प्रत्येकीला शून्य ते तीन गुण, जितके जास्त तितका आजार पुढे. मोजणारा डॉक्टर रुग्णाशी बोलतो आणि घरच्यांशीही वेगळं बोलतो. माझगावच्या भाषेत सांगायचं तर प्रश्न असे असतात: बाजारातून एकट्या भाजी आणतात का, सुटे पैसे बरोबर घेतात का? डॉकयार्ड रोडहून सीएसएमटीला एकट्या जाऊन येतात का? गणपतीच्या नैवेद्याचा स्वयंपाक अजून त्याच करतात, की आता नुसत्या शेजारी उभ्या राहतात? आंघोळ झाल्यावर धुतलेली साडी नेसतात, की सांगावं लागतं? यातल्या एका बाबतीत 'थोडी अडचण' इथून 'बरीच अडचण' इथे यायला अर्धा गुण लागतो. म्हणजे ०.४५ हा दीड वर्षाच्या शेवटी सरासरी अशा एका पायरीएवढा फरक. सुरुवातीच्या आजारात घरच्यांना जाणवेल असा बदल साधारण एक ते दोन गुणांचा धरावा, असं संशोधकांनी याआधी मांडलं होतं. डोनानेमॅबच्या चाचणीत १,७३६ जण होते, ७६ आठवड्यांनी याच पट्टीवर फरक सुमारे ०.७ आला. लेकानेमॅबमुळे सौम्य आजारातून मध्यम आजारात जाणं चार ते सहा महिने लांबतं, असा अंदाज ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२४ मध्ये मांडला, आणि फायदा एवढा छोटा आणि खर्च एवढा मोठा म्हणून सरकारी सेवेत ते देऊ नये असं तेव्हा सुचवलं.

चार ते सहा महिने. हा आकडा ऐकून एका घरात उत्साह मावळतो, दुसऱ्या घरात डोळ्यांत पाणी येतं, आणि दोघंही चुकत नाहीत. डिसेंबरात नातीचं लग्न असेल आणि त्या मांडवात आपल्या पायाने, नावं न चुकता फिरायचं असेल, तर सहा महिने फार मोलाचे. आयुष्यभर दवाखान्याचा वास ज्यांना सहन झाला नाही त्यांना तेच सहा महिने महाग पडतील. आकडा सगळ्यांना सारखा असला तरी त्याची किंमत प्रत्येकाच्या आयुष्यावर ठरते, आणि ते आयुष्य जगणाऱ्याला ती जशी ठाऊक असते तशी जोडीदारालाही नसते. हे मी भावनेपोटी म्हणत नाही. जवळचे नातेवाईक रुग्णाची उपचारांबद्दलची इच्छा किती अचूक ओळखतात, हे पाहणारे १६ अभ्यास २००६ मध्ये एकत्र तपासले गेले. अचूकता भरली ६८ टक्के. तीनातल्या एका वेळी जिवाभावाचं माणूससुद्धा चुकतं. चाळीस वर्षांचा संसार झालेल्या नवऱ्याला आपली बायको काय म्हणेल ते ठाऊक आहे असं वाटतं, आणि बऱ्याचदा त्याला तिचा आवाज म्हणून जो ऐकू येतो तो त्याच्याच भीतीचा असतो. ती भीती खरी आहे, आदर करावा अशी आहे. पण ती त्याची आहे.

तराजूच्या दुसऱ्या पारड्यात जे आहे, ते तर सर्वस्वी रुग्णाच्या शरीराचं. अ‍ॅमिलॉइड मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही साचलेलं असतं. ते ओढून काढताना भिंती सैल होतात, मेंदूला सूज येते किंवा सूक्ष्म रक्तस्राव होतो. लेकानेमॅबच्या चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी १२.६ टक्के जणांच्या स्कॅनमध्ये सूज दिसली, न घेणाऱ्यांत १.७ टक्के. डोनानेमॅबमध्ये २४ टक्के, आणि तीन मृत्यू औषधाशी जोडले गेले. पुढे पहिल्या डोसांचं प्रमाण कमी ठेवून हळूहळू वाढवल्यावर डोनानेमॅबमधली सूज १४ टक्क्यांच्या आसपास आली, ही सुधारणा खरी आहे आणि ती सांगितली पाहिजे. बहुतेकांना सुजेचा त्रास जाणवत नाही, फक्त एमआरआयवर ती दिसते. काहींना डोकेदुखी, गोंधळ, झटके येतात. कुणाला धोका जास्त, हे बरंचसं अपोई-४ नावाच्या जनुकावर ठरतं. त्याच्या दोन प्रती असलेल्यांत लेकानेमॅबवर जवळपास तिसऱ्या हिश्श्याला सूज आली, एकही प्रत नसलेल्यांत ५.४ टक्क्यांना. म्हणूनच युरोपने लेकानेमॅबला २०२५ मध्ये मान्यता दिली ती दोन प्रती नसलेल्यांपुरतीच. आता या जनुकाची तपासणी करायची म्हटली की प्रश्न एकट्या काकूंचा राहत नाही. दोन प्रती निघाल्या तर त्यातली एक प्रत प्रत्येक मुलाकडे गेलेलीच आहे. ते मुलांना सांगायचं का, कधी सांगायचं, हे ठरवण्याचा पहिला हक्क ज्या आईचं रक्त तपासलं तिचाच.

आणखी एक धोका आहे आणि आपल्या शहरात तो नेमका आड येतो. अँजिओप्लास्टी, अनियमित ठोके, पायातली गुठळी अशा कारणांनी अनेक ज्येष्ठांना रक्त पातळ करणारी औषधं चालू असतात. साधी अ‍ॅस्पिरिन चालते, पण वॉरफॅरिन किंवा तिच्या जातीच्या नव्या गोळ्या चालू असतील तर बहुतेक तज्ज्ञ हे सलाइन लावू नये असंच सांगतात. शिवाय या औषधाने आलेली सूज कधी कधी हुबेहूब लकव्यासारखी दिसते: बोलणं अडखळतं, एक बाजू सुन्न पडते. लकव्याच्या रुग्णाला पहिल्या साडेचार तासांत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात. लेकानेमॅब घेणाऱ्या एका रुग्णाला ते दिल्यावर मेंदूत मोठा रक्तस्राव होऊन मृत्यू आल्याची नोंद २०२३ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात झाली. म्हणजे ज्या घराने हे औषध स्वीकारलं, त्या घराने रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत काय सांगायचं, हेही आधीच ठरवून ठेवायला हवं.

हे सगळं वाचून कुणी ताबडतोब निर्णयाला बसण्याआधी एक गोष्ट रोखठोक सांगायला हवी. बहुतेक घरांसाठी हा प्रश्न उभाच राहत नाही. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी सौम्य आजार आणि मेंदूत अ‍ॅमिलॉइड असलेल्या २३७ ज्येष्ठांना लेकानेमॅबच्या चाचणीचे निकष लावून पाहिले, तेव्हा पात्र ठरले फक्त ८ टक्के. भारतात साठीपुढच्यांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ मध्ये आला. त्यांतल्या पुष्कळांचा आजार मधुमेह, रक्तदाब आणि छोट्या-छोट्या लकव्यांनी मिसळलेला असतो. काहींच्या विसरण्यामागे बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, किंवा पडल्यावर कवटीखाली साठलेलं रक्त असतं, आणि त्यावर उपाय स्वस्तात होतो. त्यामुळे जे.जे., नायर किंवा केईएमच्या ओपीडीत साधी रक्ततपासणी आणि एक एमआरआय, ही पहिली पायरी. त्यानंतर अल्झायमरच आहे का हे पक्कं करायला मेंदूचा अ‍ॅमिलॉइड पेट स्कॅन, किंवा मणक्यातलं पाणी काढून तपासणं. मणक्याच्या नावाने घरोघर धसका घेतात, वास्तविक ती सुई दिसते त्यापेक्षा बरीच सोपी असते. पेटसाठी लागणारं फ्लोरिन-१८ चं किरणोत्सारी द्रव्य दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, म्हणून ते सायक्लोट्रॉनमध्ये तयार करून त्याच दिवशी वापरावं लागतं. देशातलं पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये माझगावपासून चार-पाच किलोमीटरवर, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये बसलं. आता रक्तातूनच अंदाज देणारी तपासणीही आली आहे, अमेरिकेत तिला मे २०२५ मध्ये मान्यता मिळाली. इतकं करून जे थोडे पात्र ठरतील, त्यांच्यापुढे वेळापत्रक असं: लेकानेमॅब दर पंधरवड्याला तासभर, डोनानेमॅब दर चार आठवड्यांनी अर्धा तास आणि पुढे थोडा वेळ देखरेख, शिवाय पहिल्या काही महिन्यांत ठरावीक डोसांआधी पुन्हा पुन्हा एमआरआय. मोजताना तासभर सलाइनचा वाटतो, प्रत्यक्षात टॅक्सी, रिसेप्शन, सुईला शीर सापडणं, खाटेवर पडून राहणं आणि परतताना थकलेल्या माणसाला जिने चढवणं धरून अख्खा दिवस जातो.

या टप्प्यावर पहिला आक्षेप येतो. काकूंना सकाळचं दुपारी आठवत नाही, त्यांना टक्केवाऱ्या काय कळणार? आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण ज्या चाचण्यांच्या जोरावर आपण हे औषध घ्यायचा विचार करतो, त्या चाचण्यांत याच टप्प्यातली माणसं होती, आणि त्यांचा स्वतःचा होकार हाच सहभागाचा पाया होता. डॉक्टरांच्या हातातला प्रत्येक आकडा अशाच हजारो काकू-काकांनी विचार करून 'हो' म्हटल्यामुळे तयार झाला आहे. आपल्याकडचा २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदाही निर्णयक्षमतेला आठवणीची परीक्षा लावत नाही. साध्या भाषेत सांगितलेलं समजतं का, परिणाम कळतात का, आपली इच्छा बोलून किंवा खुणेने सांगता येते का, हे तो पाहतो, आणि त्याच्या व्याख्येत स्मरणाचे विकारही येतात. व्यवहारात हे अवघड नाही. सकाळच्या ताज्या वेळी, टीव्ही बंद करून, एका वेळी एकच गोष्ट सांगावी: यामुळे आजार थांबणार नाही, थोडा हळू होईल, सुरुवातीला महिन्या-दोन महिन्यांनी मशीनमध्ये जावं लागेल, मेंदूत रक्त येण्याचा थोडा धोका आहे. मग विचारावं. चार दिवसांनी पुन्हा, त्याच शब्दांत विचारावं. दोन्ही वेळा उत्तर सारखं आलं, तर आधीचं बोलणं आठवत नसलं तरी ते मत तिचंच आहे. काही रुग्ण आपल्याला काही झालंच नाही असं ठामपणे म्हणतात. तो आजाराचाच भाग असतो आणि अशा वेळी जोडीदाराला पुढे यावंच लागतं. पण आजार मान्य नसलेल्या माणसाचा हात दर पंधरवड्याला सुईसाठी धरून ठेवायचा आहे, हेही मग त्याने डोळ्यांपुढे ठेवावं.

दुसरा आक्षेप मायेतून येतो: सांगितलं तर ती खचेल. कॅन्सरच्या बाबतीत आपण पिढ्यान् पिढ्या हेच करत आलो. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्मृतिभ्रंशाच्या तपासणीला आलेल्या ९० जणांची मनःस्थिती निदानाआधी आणि निदानानंतर तपासली. निदान सांगितल्यावर नैराश्य वाढलं नाही आणि अनेकांची चिंता उलट कमी झाली. आपल्या समाजात तसंच होईल असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही, तरीही एवढं खरं की आपलं काहीतरी बिघडतंय हे त्या व्यक्तीला घरच्यांच्या आधी कळलेलं असतं, आणि घरचे कुजबुजतात हेही कळतं. शिवाय सलाइनच्या उपचारात लपवालपवी टिकत नाही. ताकदीचं सलाइन आहे असं सांगून कुणाला पुन्हा पुन्हा एमआरआयच्या बोगद्यात घालता येत नाही, आणि डोकं दुखायला लागलं तर ताबडतोब सांगायचं असतं हे ज्या रुग्णाला माहीतच नाही, तो रुग्ण सांगणार कसा?

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार, आणि मला तो निम्मा मान्य आहे. पैसे नवऱ्याचे, धावपळ नवऱ्याची, रात्रीचं जागरण नवऱ्याचं, मग मत एकट्या बायकोचं कसं? अमेरिकेत डोनानेमॅबची वर्षाची छापील किंमत ३२,००० डॉलर आहे, म्हणजे पंचवीस लाखांहून जास्त. भारतातली किंमत वेगळी असली तरी निम्न-मध्यमवर्गाच्या भविष्यनिर्वाह निधीच्या मानाने ती मोठीच असणार, आणि तिच्यावर एमआरआय, पेट, जनुकतपासणी, डे-केअरचं बिल. विमा कंपनीकडून मिळणाऱ्या 'बघू' या तोंडी उत्तरावर विसंबू नये, लेखी घ्यावं. शिवाय हा आजार निदानानंतर बहुधा अनेक वर्षं चालतो, आणि खरा खर्च शेवटच्या वर्षांत येतो, जेव्हा ब्युरोची एक बाई दिवसाला आणि एक रात्रीला लागते, डायपर लागतात, कुणाच्या तरी कमरेचं दुखणं निघतं. पहिल्या सहा महिन्यांसाठी सगळं ओतलं तर शेवटच्या तीन वर्षांसाठी काय उरतं, हे नवऱ्याने मांडायलाच हवं. पण ते तिच्यापुढे मांडावं. 'मला इतकं झेपेल, याहून जास्त झेपणार नाही' असं तिच्या तोंडावर सांगणं कठोर वाटतं, तरी तिच्या पाठीमागे ठरवून टाकण्यापेक्षा ते माणुसकीला धरून आहे. आणि तिचं 'नको' ऐकतानाही कान उघडे हवेत. आपल्या बायका आयुष्यभर 'माझ्यावर कशाला खर्च' म्हणत आल्या आहेत, दाढ दुखली तरी म्हणतात. ते 'नको' विचारातून आलं की सवयीतून, हे एकदा वेगळं, शक्यतो मुलीने किंवा बहिणीने, विचारून घ्यावं. भारतात स्मृतिभ्रंश बायकांमध्ये ९ टक्के आणि पुरुषांमध्ये ५.८ टक्के असा त्याच २०२३ च्या अंदाजात आहे, तेव्हा हे सवयीचं 'नको' पुष्कळ घरांत ऐकू येणार. रुग्ण नवरा असला की चित्र उलटतं: तिथे 'पाहिजेच' पटकन येतं, आणि ज्या बायकोच्या अंगावर पुढची सगळी सेवा पडणार तिला बँकेचं पासबुकही कधी दाखवलेलं नसतं. म्हणून खातं संयुक्त करणं, नामनिर्देशन, मृत्युपत्र, ही कामं सलाइनच्या निर्णयाच्या आधी उरकावीत. नंतर सही चालेनाशी झाली की त्यातल्या बऱ्याच कामांसाठी वकील आणि न्यायालय गाठावं लागतं.

चौथा आक्षेप टोरांटोहून फोनवर येतो: "बाबा, करून तर बघू, गमावण्यासारखं काय आहे?" त्याच्या बाजूने पुरावाही आहे. लेकानेमॅब घेत राहिलेल्यांची तीन वर्षांची माहिती २०२४ मध्ये मांडली गेली, तेव्हा फरक ०.४५ वरून ०.९५ पर्यंत वाढल्यासारखा दिसला. पण त्या तुलनेत खोटं सलाइन घेणारा समोरचा गट नव्हता, दुसऱ्याच एका अभ्यासातल्या रुग्णांशी ताडून पाहिलं होतं, आणि जे तीन वर्षं टिकून राहतात ते मुळातच बरे असण्याची शक्यता असते. आशादायक म्हणावं, सिद्ध म्हणू नये. अ‍ॅड्युकानुमॅब या याच जातीच्या औषधाची कहाणी फार जुनी नाही. जून २०२१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, त्याच्या निषेधार्थ सल्लागार समितीतल्या तिघांनी राजीनामे दिले, आणि २०२४ मध्ये कंपनीनेच ते बंद करायचं जाहीर केलं. नवी औषधं त्याहून चांगल्या पुराव्यावर उभी आहेत, हे मी मानतो, आणि योग्य रुग्णाने सगळं समजून 'मला हवंय' म्हटलं तर तिच्या पाठीशी उभं राहायला हवं, घर तंगीत येणार नसेल तर पैसेही घालावेत. पण गमावण्यासारखं काही नाही, हे खोटं आहे. चांगल्या आठवणीचं एक वर्ष हातात असताना त्यातले कितीतरी दिवस खाटेवर काढायचे, हे गमावणंच आहे. टोरांटोच्या मुलीला अपराधी वाटतं, दूर असल्यामुळे काहीतरी भरीव करावंसं वाटतं, आणि पैसे पाठवणं तिला शक्य असतं. तिनेही तो फोन वडिलांऐवजी आईला लावून विचारावं.

आणि जे 'हो' ठरेल, त्याच बैठकीत थांबायचं केव्हा तेही ठरवून घ्यावं, कारण सुरू करताना काकूंना बोलता येतं, थांबवायची वेळ येईल तेव्हा कदाचित येणार नाही. डोनानेमॅबच्या चाचणीत मेंदूतलं अ‍ॅमिलॉइड पुरेसं साफ झालं की औषध थांबवत, आणि जवळपास निम्म्या जणांचं ते वर्षभरात थांबलंही. ते थांबणं सोपं. अवघड आहे ते आजार पुढे सरकत असताना थांबणं. मध्यम टप्प्यात या औषधाचा फायदा दाखवणारा पुरावा नाही, तरी 'इतकं केलं, आता कसं सोडायचं' म्हणून घरं ओढत राहतात. म्हणून सुरुवातीलाच एका कागदावर तिच्याच शब्दांत लिहून घ्यावं: लक्षणांसकट सूज आली तर थांबवा, मला कुठे आणलंय ते कळेनासं झालं आणि मी सुई ओढायला लागले तर थांबवा, डॉक्टरांनी मध्यम टप्पा म्हटलं तर थांबवा. खाली तिची सही, तारीख, नवऱ्याची आणि एका मुलाची सही, आणि एक प्रत डॉक्टरांच्या फाइलला. त्याच कागदाच्या मागे ठळक अक्षरांत औषधाचं नाव, शेवटच्या डोसची तारीख आणि एक ओळ: लकव्यासारखं काही झालं तर एमआरआय केल्याशिवाय गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देऊ नये. हा कागद कपाटातल्या फाइलमध्ये ठेवून उपयोग नाही. तिच्या पर्समध्ये एक, फ्रिजवर एक, आणि रात्री-अपरात्री ज्याच्या गाडीतून जे.जे.ला न्यावं लागेल त्या शेजाऱ्याच्या फोनमध्ये त्याचा फोटो.